गुन्ह्याचा कर्ता आणि वाक्याचा कर्ता : रहस्यनाट्याच्या भाषेतील प्रयोगविचार

१. विषयाची मांडणी

वाक्यातील कर्ता कसा ओळखावा, याची एक सोपी रीत आपल्याकडे शालेय व्याकरणात शिकविली जाते. क्रियापदातील धातूला ‘-णारा’ हा प्रत्यय लावावा आणि ‘कोण?’ असा प्रश्न करावा. ‘मारले’ या क्रियापदावर ही रीत चालविली की ‘मारणारा कोण?’ असा प्रश्न तयार होतो. रहस्यकथेचा प्रश्नही अक्षरशः हाच असतो. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड यांच्यापासून मुंबई दूरदर्शनवरील ‘हॅलो इन्स्पेक्टर’पर्यंत आणि तेथून आजच्या दूरचित्रवाणी-मालिकांपर्यंत लेखकाला कर्ता काही काळ झाकून ठेवावयाचा असतो व प्रेक्षकाला तो हुडकून काढावयाचा असतो. म्हणून रहस्यनाट्याची भाषा हा प्रयोगविचाराच्या अभ्यासकाला आयताच लाभलेला नमुना होय.

या प्रकारातील एक विषय पुनःपुन्हा हाताळला जातो. पतिपत्नींपैकी एकाने दुसऱ्याची प्रतारणा करावी आणि तिच्यातून खून घडावा, असा तो विषय आहे. अशा भागात संशयितांची संख्या बहुधा तीनचारांवर जात नाही. त्यामुळे ‘कोणी केले?’ या प्रश्नाइतकाच ‘जे झाले ते “केले” म्हणावे की “झाले” म्हणावे?’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. हे दोन्ही प्रश्न मराठी भाषा कोणत्या साधनांनी हाताळते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. उदाहरणासाठी मुंबईतील नानावटी खटला आणि त्यावर आधारलेल्या मराठी नाटकाचे शीर्षक घेतले आहे. जी उदाहरणवाक्ये येतील ती विवेचनासाठी रचलेली आहेत.

२. खटल्याचे स्वरूप

खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. नौदलातील अधिकारी कमांडर कावस माणेकशा नानावटी यांना त्यांच्या पत्नी सिल्व्हिया यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा या गृहस्थाशी असलेल्या आपल्या संबंधांची कबुली दिली. त्यानंतर नानावटी यांनी पत्नीला व मुलांना चित्रपटगृहापाशी सोडले, आपल्या नौकेवर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, आहुजांच्या कचेरीत व नंतर राहत्या घरी ते गेले. तेथे तीन गोळ्या सुटून आहुजा मृत्यू पावले. नानावटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय मान्य न झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी त्यांना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. ज्यूरीसमोर चाललेल्या अखेरच्या गाजलेल्या खटल्यांत याची गणना होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही.

या प्रकरणात ‘कोणी?’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच निकालात निघाला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तरीही अडीच वर्षे ते न्यायालयात व वृत्तपत्रांत उत्कंठेचा विषय होऊन राहिले. ती उत्कंठा कर्त्याच्या नावाविषयी नव्हती, कर्तृत्वाच्या प्रमाणाविषयी होती. मराठीत या दोन गोष्टी दाखविण्याची साधने वेगवेगळी आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

३. कर्ता झाकण्याची साधने

मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालत नाही, हे सर्वश्रुत आहे. ‘कोणीतरी दरवाजा उघडला’, ‘कोणीतरी खिडकी उघडली’, ‘कोणीतरी कपाट उघडले’ या तीन वाक्यांत क्रियापदाचे रूप बदलते ते दरवाजा, खिडकी व कपाट यांच्या लिंगानुसार. उघडणारा पुरुष होता की स्त्री, याचा मागमूसही वाक्यात राहत नाही. हा कर्मणि प्रयोग. कर्माला ‘-ला’ लागले म्हणजे क्रियापद कर्माशीही नाते तोडते व नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर होते. ‘कोणीतरी त्याला मारले’, ‘कोणीतरी तिला मारले’ या वाक्यांत मारणाऱ्याचे लिंग कळत नाही, आणि मेलेल्याचे लिंग कळते ते केवळ सर्वनामावरून. हा भावे प्रयोग. रहस्य राखू इच्छिणाऱ्या लेखकाला यापेक्षा सोयीची वाक्यरचना शोधूनही मिळणार नाही.

परंतु हेच कृत्य चालू असताना सांगावयाचे झाले, तर भाषा एकदम उघडी पडते. ‘कोणीतरी दरवाजा उघडत होता’ किंवा ‘उघडत होती’ यांपैकी एक म्हणावे लागते, कारण तेथे कर्तरी प्रयोग येतो. अकर्मक क्रियापदांची गतीही तीच. ‘आला’ म्हणावे की ‘आली’ म्हणावे, हा निवाडा बोलणाऱ्याला करावाच लागतो. येथे मराठीचे तिसरे लिंग तिच्या मदतीला येते. ‘कोणीतरी आले होते’ असे नपुंसकलिंगी रूप वापरून आपण कर्त्याला अज्ञात ठेवू शकतो. हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे अशा वेळी ‘कोई आया था’ असे पुल्लिंगी रूपच वापरावे लागते.

या व्यवस्थेचा रहस्यनाट्यात कसा उपयोग होऊ शकतो, ते पाहा. निरीक्षक विचारतो, ‘रात्री साहेबांकडे कोण आले होते?’ नोकर उत्तर देतो, ‘मला ठाऊक नाही साहेब. मी मागच्या बाजूला होतो. कोण आली, केव्हा गेली, मला दिसले नाही.’ प्रश्नातील ‘आले’ उत्तरात ‘आली’ झाले, आणि नोकराने पाहिले आहे हे सिद्ध झाले. पुल्लिंगी ‘कोण आला’ हे रूप पुष्कळदा सामान्यार्थानेही येते, त्यामुळे ते निर्णायक ठरत नाही. स्त्रीलिंगी ‘कोण आली’ मात्र मराठीत सामान्यार्थी नसते. ते रूप ओठांवर येण्यासाठी बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्त्री असावी लागते. अशी चूक लेखकाने हेतुपुरस्सर योजिली तर तो पुरावा होतो. अनवधानाने झाली तर मात्र त्याचे रहस्य पहिल्या दहा मिनिटांतच फुटते.

दूरचित्रवाणीवर वाक्याबरोबर चित्रही असते, आणि कॅमेऱ्यालाही आपले कर्मणि प्रयोग असतात. हातमोजा घातलेला हात खणातून पिस्तूल काढतो, बुटांची पावले जिना चढतात, भिंतीवर सावली पडते. कृत्य दिसते, कर्म दिसते, कर्ता चौकटीबाहेर राहतो. परंतु चित्राला बुटाची जात लपविता येत नाही, आणि बांगडी दिसली की लिंग कळते. वाक्य मात्र ‘उघडले’ एवढ्यावर थांबू शकते. झाकण्याच्या कामी भाषा चित्राहून काकणभर सरसच ठरते.

४. कर्तृत्व कमी करण्याची साधने

आता दुसरा प्रश्न. मराठीत क्रियापदांच्या पुष्कळ जोड्या आहेत : सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, मरणे-मारणे. जोडीतील पहिले क्रियापद घटना सांगते, दुसरे कृत्य सांगते. ‘काच फुटली’ असे म्हणणाऱ्या मुलाला आई ‘फुटली की फोडलीस?’ असे विचारते, तेव्हा ती हाच भेद पुढे करीत असते.

नानावटी खटला इंग्रजीत चालला, आणि असा भेद इंग्रजीतही करता येतो. तथापि त्यातील वाद मराठीत मांडून पाहिला, तर त्याचे तीन पक्ष तीन क्रियारूपांत स्वच्छ वेगळे होतात. बचावपक्षाचे म्हणणे ‘गोळी सुटली’ असे होते. झटापट झाली, तीत रिव्हॉल्व्हर उडाले, तो अपघात होता. फिर्यादीपक्षाचे म्हणणे ‘गोळी झाडली’ असे होते. मृत आहुजा नुकतेच स्नान करून आलेले होते, आणि त्यांच्या कमरेचा पंचा जागच्या जागी राहिला होता. झटापट झाली असती तर तो सुटला असता, असा त्यांचा युक्तिवाद होता. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा पक्ष होता. गोळी झाडली खरी, पण गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे मनावरचा ताबा सुटला असताना झाडली, म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध होय.

या तिसऱ्या पक्षासाठी मराठीत एक अत्यंत मार्मिक रचना आहे : ‘माझ्या हातून खून झाला.’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता ‘खून’ हा आहे आणि क्रियापद ‘होणे’ हे अकर्मक आहे. बोलणारा आपला हात पुढे करतो आणि स्वतः त्याच्यामागे उभा राहतो. त्याने कृत्य नाकारलेले नसते, कृत्यामागील इच्छा तेवढी नाकारलेली असते. ‘माझ्याकडून चूक झाली’ ही याच जातीची सौम्य रचना होय.

‘हातून’ची एक मर्यादा मात्र आहे. जे कृत्य योजून, पायरीपायरीने करावे लागते त्याला ही रचना लावता येत नाही. ‘माझ्या हातून पेला फुटला’ हे स्वाभाविक आहे. ‘माझ्या हातून काडतुसे मागितली गेली’ असे कोणी म्हणणार नाही. म्हटले तर ऐकणारा हसेल. सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षोभाचा मुद्दा ज्या कारणाने फेटाळला ते या कसोटीशी जुळते. दुपारी दीडच्या सुमारास नानावटी घरातून निघाले आणि चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास आहुजांचा मृत्यू घडला. मन ताळ्यावर येण्यास हा सुमारे तीन तासांचा अवधी पुरेसा होता, आणि मधली सारी वर्तणूक योजनापूर्वक होती, असे न्यायालयाने मानले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर सोडले, सांगितले, घेतले, ठेवले, विचारले या सकर्मक, हेतुगर्भ क्रियापदांची अखंड साखळी लागल्यावर तिच्या शेवटी ‘हातून झाले’ हे क्रियापद बसू शकत नाही.

‘सुटली’ आणि ‘झाडली’ यांतील हा भेद केवळ व्याकरणाच्या वर्गापुरता नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’, ‘पाणी काढताना पाय घसरून विहिरीत पडली’ ही वाक्ये आपल्या वृत्तपत्रांत व पंचनाम्यांत वर्षानुवर्षे छापली व लिहिली गेली. भडका उडाला, पाय घसरला, ती भाजली, ती पडली. एकही क्रियापद सकर्मक नाही, म्हणून कोणी काही केले असे म्हणण्यास वाक्यात जागाच नाही. यांतील काही वाक्ये खरी असतील. सर्वच खरी नव्हती. १९८६ मध्ये भारतीय दंड संहितेत ३०४-ब हे हुंडाबळीचे कलम घालण्यात आले. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्री भाजून वा अन्य अस्वाभाविक रीतीने मृत्यू पावली, आणि मृत्यूच्या आधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे दाखविता आले, तर पती किंवा त्याचे नातलग मृत्यूस कारण झाले असे धरावे, अशी तरतूद त्यात होती. अकर्मक वाक्यामागे कायद्याने कर्ता गृहीत धरल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

५. ‘अपराध मीच केला’

मधुसूदन कालेलकर यांनी नानावटी खटल्याच्या आधारे लिहिलेल्या नाटकाचे नाव ‘अपराध मीच केला’ असे आहे. कथानकात न शिरता येथे केवळ या तीन शब्दांच्या वाक्याकडे पाहू.

‘हातून झाला’ ही सोयीची रचना उपलब्ध असताना शीर्षकाने ‘केला’ हे सकर्मक क्रियापद निवडले आहे. रचना कर्मणि आहे. ‘केला’ हे रूप ‘अपराध’ या पुल्लिंगी कर्माप्रमाणे आले असून बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे वाक्य सांगत नाही. पती हे वाक्य बोलू शकेल, पत्नीही तेच वाक्य एका अक्षराचाही फरक न करता बोलू शकेल. ‘मीच चुकलो’ किंवा ‘मीच चुकले’ असे शीर्षक असते तर ही संदिग्धता उरली नसती.

‘च’ हे अव्यय इतरांना वगळते. ज्या कथेत संशयित अनेक असतात, तेथे ‘मीच’ म्हणजे ‘अन्य कोणी नव्हे’. येथे गोळी झाडणाऱ्याविषयी संशय नाही. म्हणून ‘च’चा रोख दोषाच्या वाटणीकडे वळतो. पत्नीचा दोष, तिसऱ्या माणसाचा दोष, परिस्थितीचा दोष असे वाटेकरी पुढे येऊ पाहत असताना ‘मीच’ हा शब्द ते सारे बाजूला सारतो.

याच वाक्याचे द्वितीय पुरुषातील रूप त्याहून लक्षणीय आहे. निरीक्षक आरोप करतो तेव्हा ‘खून तूच केलास’ असे म्हणतो. ‘केला’ हा भाग खुनाच्या लिंगाप्रमाणे, तर शेवटचा ‘-स’ हा ‘तू’प्रमाणे. आपल्या वैयाकरणांनी याला कर्तृकर्मसंकर म्हटले आहे. कबुलीच्या वाक्यात क्रियापदावर कर्त्याची खूण नसते, आरोपाच्या वाक्यात ती असते. दाम्पत्याच्या भांडणात हा प्रत्यय आणखी एक काम करतो. एरवी ‘अहो, तुम्ही असे का केलेत?’ असे विचारणारी पत्नी ज्या क्षणी ‘तू असे का केलेस?’ म्हणते, त्या क्षणी ‘-त’चा ‘-स’ होतो, आणि नाते कोठवर आले आहे ते प्रेक्षकाला निराळे सांगावे लागत नाही.

बोलींकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट आढळते. प्रमाण मराठीत ‘मी’ या सर्वनामाचे कर्तरी व कर्मणि या दोन्ही प्रयोगांतील रूप एकच आहे. ‘अपराध मीच…’ एवढे ऐकून पुढे ‘करतो’ येणार की ‘केला’ येणार, हे ठरविता येत नाही. जुन्या मराठीत कर्मणि प्रयोगासाठी ‘म्यां’ हे वेगळे रूप होते, आणि ते ग्रामीण बोलींतून ‘म्या’ या रूपाने टिकून आहे. प्रस्तुत लेखकाच्या पिंपळगाव राजा या गावी (खामगाव तालुका, बुलडाणा जिल्हा) कानी पडणाऱ्या वऱ्हाडीत ‘मी गेलो’ पण ‘म्या केलं’ असा भेद आहे. तेथे हे शीर्षक ‘अपराध म्याच केला’ असे होईल, आणि ‘म्याच’ ऐकताच कृत्य घडून गेले आहे हे क्रियापदाची वाट न पाहता कळेल. जे रहस्य प्रमाण भाषा वाक्याच्या शेवटपर्यंत राखते, ते ही बोली सर्वनामातच सांगून टाकते.

६. माहितीचे मूळ दाखविणारी साधने

रहस्यनाट्याचे तिसरे अंग म्हणजे माहितीची प्रतवारी. शेजारीण सांगते, ‘त्याने म्हणे तिला घराबाहेर काढले होते.’ ‘म्हणे’ हा शब्द मूळचा क्रियापद असला तरी येथे तो अव्ययासारखा वापरला आहे. ही गोष्ट मी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, असे तो सांगतो. एकाच शब्दात बातमीही पोहोचते आणि बातमीची जबाबदारीही झटकली जाते. तोंडी पुरावा प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्याचाच असला पाहिजे, असा नियम १८७२ च्या पुरावा अधिनियमात होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या साक्ष अधिनियमातही तो आहे. ‘म्हणे’ने चालणारी साक्ष या नियमापुढे टिकत नाही. गावगप्पा आणि साक्ष यांतील सीमारेषा मराठीत पुष्कळदा या दोन अक्षरांची असते.

अनुमानाच्याही पायऱ्या आहेत. ‘त्याने खून केला असेल’ हा नुसता तर्क. ‘केला असावा’ हे खुणांवरून काढलेले अनुमान. ‘केला असणार’ ही पुराव्याखेरीज बाळगलेली खात्री. ‘केला आहे’ हे विधान. चांगल्या रहस्यभागातील निरीक्षक या पायऱ्या क्रमाने चढतो. पहिल्या प्रवेशातच ‘असणार’ म्हणणारा निरीक्षक बहुधा चुकीच्या माणसाला पकडतो, हा संकेत प्रेक्षकांच्याही अंगवळणी पडला आहे.

७. प्रतारणेच्या वाक्यातील स्त्री

शेवटी प्रतारणेच्या शब्दसंग्रहाचा विचार केला पाहिजे. ‘फूस लावली’, ‘नादी लावले’, ‘भुलविले’, ‘पळवून नेले’ या साऱ्या प्रयोगांत पुरुष कर्ता असून स्त्री ‘तिला’ या रूपात येते. भारतीय दंड संहितेतील व्यभिचाराचे कलम ४९७ याच वाक्यरचनेवर उभे होते. त्यात गुन्हेगार होऊ शकत असे तो परपुरुष, गाऱ्हाणे करू शकत असे तो पती, आणि स्त्रीला साहाय्यक म्हणूनही शिक्षा नव्हती. वरवर ही सवलत दिसते. वस्तुतः तिच्या वागण्याला तिची स्वतःची इच्छा असू शकते, हेच या रचनेत नाकारलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. विवाहित स्त्रीस गुन्हेगारी हेतूने फूस लावून नेण्याचे कलम मात्र भारतीय न्याय संहितेत (कलम ८४) अजून आहे.

नानावटी प्रकरणात सिल्व्हिया यांनी बचावपक्षाच्या वतीने साक्ष दिली, आणि सारी घटनामालिका सुरू झाली ती त्यांच्या कबुलीने. ‘तिने सांगितले’ हे त्या दिवसाचे पहिले सकर्मक वाक्य होय. तरीही खटल्याच्या पुनर्कथनात त्या बहुतेक वेळा ‘जिच्यासाठी हे घडले’ अशा संबंधी वाक्यातच उरतात. आजही दूरचित्रवाणीवर असा भाग लिहिताना लेखक पत्नीला ‘तिला फसविले’ आणि ‘तिनेच फसविले’ या दोन साच्यांपैकी एकात बसवितो. पहिल्यात ती कर्म आहे. दुसऱ्यात ती कर्ता आहे, पण ‘च’ लागल्यामुळे सारा दोष एकटीच्या माथी येतो. या दोहोंच्या मधले ‘तिने ठरविले’ हे साधे वाक्य क्वचितच ऐकू येते.

८. उपसंहार

मराठीत कर्ता झाकणे, कर्तृत्व कमी करणे आणि माहितीचे मूळ दाखविणे ही तीन कामे तीन वेगळ्या साधनांकडे सोपविलेली आहेत. पहिले काम कर्मणि व भावे प्रयोग आणि नपुंसकलिंग करतात; दुसरे अकर्मक क्रियापदे व ‘हातून’ची रचना; तिसरे ‘म्हणे’ व ‘असेल-असावा-असणार’ ही रूपे. ही साधने एकमेकांत मिसळून चालत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ‘कोणीतरी त्याला मारले’ या वाक्यात कर्ता झाकलेला असला तरी कर्तृत्व पूर्ण आहे. ‘माझ्या हातून तो मेला’ या वाक्यात कर्ता उघड आहे, कर्तृत्व अपुरे आहे. बातमी, पंचनामा किंवा साक्ष वाचताना यांपैकी काय झाकले आहे, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर प्रयोगविचार हा विषय त्यांना रूक्ष वाटणार नाही.

या दिशेने पुढील अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी एक काम हाती घ्यावे. दूरचित्रवाणीवरील एकच रहस्यभाग निरनिराळ्या बोली बोलणाऱ्यांना दाखवून, दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून त्याची हकीकत ध्वनिमुद्रित करून घ्यावी. प्रमाण मराठीत लिहिलेला संवाद वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा मालवणीत सांगितला जाताना ‘सुटली’ची ‘झाडली’ कोठे होते, ‘म्हणे’ कोठे गळते आणि ‘तिने’ची ‘तिला’ कोठे होते, यांची नोंद केल्यास न्याय करणाऱ्या माणसाच्या मनात वाक्ये कशी बदलतात यावर बराच प्रकाश पडेल.